न्हाणीघरातला बकासुर

तीर्थक्षेत्री आपले स्वतःचे घर असावे अशी इच्छा ज्यांच्या मनात घर करून बसली असेल, त्यांनी ती चारचौघांत बोलून दाखविण्यापूर्वी केळझरला येऊन एक चतुर्थी डोळ्यांनी पाहावी. नागपूर-वर्धा मार्गावरचे, सेलू तालुक्यातले हे आमचे गाव. टेकडीवर सिद्धिविनायक आणि खाली आम्ही. विदर्भातल्या अष्टविनायकांत या स्थानाची गणना होत असल्यामुळे, एरवी ज्यांचे पत्र नाही, ख्यालीखुशालीचा फोन नाही, लग्नाच्या याद्यांतून ज्यांची नावे उभयपक्षी संगनमताने गळून गेलेली आहेत, अशा आप्तांनाही त्या दिवशी गजाननाच्या जोडीने आमचे स्मरण होते. आणि देवदर्शनापूर्वी शुचिर्भूत होणे शास्त्रसंमत असल्यामुळे त्या स्मरणाचा पहिला उपसर्ग आमच्या न्हाणीघराला पोहोचतो.

या न्हाणीघराविषयी मला अभिमान होता, हे प्रारंभीच नमूद केलेले बरे. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून उभी हयात दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावर नोंदी घेण्यात घालविल्यानंतर, निवृत्तीच्या रकमेतून जे चार खोल्यांचे घर मी बांधले, त्यात दिवाणखान्यापेक्षा अधिक खर्च न्हाणीघरावर झाला. भिंतीला छातीपर्यंत शुभ्र टाइल, खाली कोटा फरशी, आरशात आरसा पाहावा असे चकचकीत नळ आणि डोक्यावर थाळीएवढा शॉवर. वास्तुशांतीच्या दिवशी तर मी पाहुण्यांना देवघराआधी न्हाणीघर दाखवीत होतो, आणि गुरुजींनी कलश कोठे ठेवायचा असे विचारताच माझा हात अभावितपणे तिकडेच वळला होता, असे आमचे कुटुंब आजही सांगते.

अशा या वास्तूत गेल्या संकष्टीला आमच्या मेहुण्यांच्या विहीणबाई हातपाय धुऊन बाहेर आल्या, पदराने तोंड टिपता टिपता त्यांनी घराच्या आढ्यापासून उंबरठ्यापर्यंत एकवार आदराने पाहिले आणि अत्यंत सद्भावनेने म्हणाल्या, "घर जुनं दिसते, नाही? माझ्या आजेसासऱ्याच्या वाड्यात अस्सीच न्हाणी होती. तुम्ही लोकांनी जतन करून ठेवली, हे बाकी चांगलं केलं."

बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावरची शाई अजून नीट वाळली नव्हती.

पाहुणे गेल्यावर मी चष्मा लावून, हातात विजेरी घेऊन, त्या जागेचा रीतसर पंचनामा केला. नळाच्या तोंडाशी, जेथे थेंब क्षणभर लोंबकळून मग खाली उतरतो, तेथे पांढुरक्या, खरबरीत गाठींचे एक कडे बसले होते आणि ते नखाने खरवडू जाता झीज नखाचीच होत होती. टाइलींवरून ओघळलेल्या प्रत्येक थेंबाने आपल्या प्रवासाचा नकाशा मागे ठेवला होता. शॉवरची निम्मी छिद्रे बुजली होती. उरलेल्यांतून पाणी येई, पण खाली येण्याची पूर्वापार वहिवाट सोडून एक धार खिडकीकडे, एक खुंटीवरच्या कोरड्या टॉवेलवर आणि एक नेमकी डोळ्यांत, अशी ज्याच्या त्याच्या मर्जीने पडे, आणि मधोमध उभा असलेला स्नानेच्छू तेवढा कोरडा राही. आरशावर तर असे धुके दाटले होते की त्यात दाढी करणे हा निव्वळ अनुमानाचा विषय झाला होता. वयोमानाच्या खुणाही त्यात दिसत नसत, ही त्या आरशाची एकमेव सोय. आणि माझ्या मनीचे सांगायचे तर, इतके दिवस त्याच्याविरुद्ध कोणी फिर्याद का केली नाही, याचे कारणही बहुधा तेच असावे.

दोष उघडच पाण्याचा होता. आमच्या पायाखाली आहे तो काळा बसाल्ट, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, आणि त्यावर आहे ती काळी, चुनखडीचे खडे पोटात बाळगणारी माती. पावसाचे पाणी या मातीतून झिरपताना तिच्यातला कर्बवायू शोषून किंचित आंबट होते, त्या आंबटपणाच्या जोरावर वाटेतला चुना आणि मॅग्नेशियम आपल्यात विरघळवून घेते आणि बोअरच्या तळाशी स्फटिकासारखे निर्मळ रूप धारण करून बसते. वर आले, तापले किंवा वाळले, की तो वायू निसटून जातो आणि चुना तेवढा आमच्या पदरी राहतो. या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याचा दह्यासारखा फुटका साका होऊन बादलीच्या कडेला चिकटतो. आणि तुरीच्या डाळीचे वरण हा जिथल्या गृहस्थाश्रमाचा पाया, तिथे डाळ शिट्ट्यांमागून शिट्ट्या ऐकूनही आपले दाणेपण सोडत नाही, म्हणून चिमूटभर सोडा टाकून तिचे मन वळवावे लागते.

याच सुमारास गिझरने संप पुकारला. गालात खर्रा धरून आलेल्या प्लंबरने त्याचे पोट उघडले, आतली कॉइल बाहेर काढली आणि बोटभर जाडीच्या त्या पांढऱ्या लेपाकडे तो कौतुकाने पाहत राहिला. पाणी जितके अधिक तापवावे तितका चुना अधिक खाली बसतो आणि एकदा थर बसला की वीज पाण्याला कमी व थराला जास्त तापविते, हे मी त्याला पुस्तकी भाषेत समजावून देत असता त्याने खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि आपला अभिप्राय दिला.

"भाऊसाहेब, तुम्ही काही म्हणा. एवढ्या चुन्यात अख्ख्या केळझरचा खर्रा घोटून होते."

दुःखाचेही प्रतिष्ठेशी नाते असते, हे मला मेहुण्यांमुळे कळले. ते दर्यापूरचे, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या खारपाणपट्ट्यातले, जिथे विहीर खणली तरी खारे पाणीच लागते. आमच्या नळावरचा थर पाहून सहानुभूतीचे चार शब्द ते उच्चारतील, या अपेक्षेने मी त्यांना आत नेले. त्यांनी थराकडे अशा तुच्छतेने पाहिले की मला त्या थराचीच दया आली. "जवाईबुवा, याले तुम्ही खराब पाणी म्हणता? आमच्या इकडचं पाणी एक घोट घेऊन पाहा, मंग बोला." एवढे बोलून, आपल्या गावच्या पाण्याने कोणाचे भांडे किती दिवसांत निकामी झाले याच्या हकिकती त्यांनी जेवणाच्या पाटावर बसेपर्यंत सांगितल्या, आणि त्या सांगताना त्यांच्या मुद्रेवर जो अभिमान झळकत होता, तो आपल्या मुलाचा निकाल सांगतानाही मी कधी पाहिला नव्हता.

आयुष्य सरकारी चाकरीत गेल्यामुळे, कोणतेही संकट कागदावर आल्याखेरीज त्याला अस्तित्व आहे असे मला वाटत नाही. सबब मी पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून तपासणीसाठी धाडला. अहवाल आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 च्या 2012 सालच्या आवृत्तीत, एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम ठरविली आहे. परंतु दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावे, अशी मुभाही तेथेच ठेवली आहे. आमचे पाणी या दोहोंच्या मधोमध उभे होते. म्हणजे चांगले नव्हे. पण दुसरे मिळत नसेल तर हरकत नाही. हे वाक्य मी मोठ्याने वाचून दाखविले तेव्हा कुटुंब स्वयंपाकघरातून म्हणाले, "आमच्या बाबांनी तुम्हाला पसंत केलं तेव्हा अस्संच म्हटलं होतं."

अहवालाची वार्ता गावात फुटताच उपायांचा पाऊस पडला. सल्ला ही एकच जिन्नस आपल्या देशात मागणीपूर्वी पुरवठा होणारी आहे. कोणी राख सांगितली, कोणी रांगोळी. कोणी आंबट ताक, तर कोणी पाय घासायची वजरी. एक सुटाबुटातला तरुण तर पाणी मृदू करण्याचे यंत्र विकावयास दारी आला. त्याने दोन पेले मांडले, एकात आमचे पाणी व दुसऱ्यात त्याच्या बाटलीतले, आणि दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवून कळ दाबली. पाहता पाहता आमचा पेला तांबूस, मग काळपट झाला आणि वर किळसवाणा साका आला. त्याचा पेला मात्र निर्मळ. घरातील मंडळी आजवर आपण हे प्यालो या विचाराने एकमेकांकडे पाहू लागली. वस्तुस्थिती अशी आहे की क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, तिने कांडीचेच लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि तोच हा साका. क्षारच काढून टाकलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. हे मला ठाऊक असल्याचे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "काका, तुमच्यासारखं ज्ञान असणारे लोकच आमची मशीन घेतात." या वाक्यापुढे मी हप्त्यांची चौकशी करू लागलो होतो, हे कबूल करण्यावाचून गत्यंतर नाही, पण ते यंत्र चुन्याच्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडते आणि त्यासाठी त्याला ठरावीक मुदतीने मिठाचा खुराक लागतो, हे कळताच कुटुंबाने "घरात खाणारी तोंडं आहेत तेवढी पुरेत" असा शेरा मारून ते प्रकरण दप्तरदाखल केले.

खरा पेच उत्पन्न झाला तो शेजाऱ्यामुळे. त्याची शेती ठिबकवर. ज्या पाण्याने माझा शॉवर बुजतो त्याच पाण्याने त्याच्या नळ्यांची छिद्रे बुजतात आणि अधूनमधून त्या नळ्यांतून बेताने ॲसिड सोडून तो ती मोकळी करतो. "भाऊसाहेब, मोठी गोष्ट नाही. अर्धी कॅन पडली आहे घरी. घेऊन जा न." मी विचार करण्यास मुदत मागितली, पण मेहुणे तेथेच होते आणि दर्यापूरच्या माणसाला मुदत हा प्रकार मान्य नाही. मी दुपारची वामकुक्षी आटोपून उठतो तो न्हाणीघरातून फसफस असा आवाज आणि नाकाला झोंबणारा वास येत होता, आणि मेहुणे दारात उभे राहून विजयी सेनापतीच्या स्वरात म्हणत होते, "पाहा, कसं निघून राहिलं ते!"

निघत होते यात संशय नव्हता. नळावरचे पांढरे कडे गेले. त्याच्या मागोमाग नळावरची चकाकीही गेली आणि नळाचे पितळ उघडे पडले. टाइलींवरचे डाग गेले. टाइलींच्या सांध्यांतले पांढरे सिमेंटही त्यांच्याबरोबर गेले. फरशीचे काय झाले ते सांगवत नाही. कोटा हा राजस्थानातला चुनखडकच. कडप्पाही त्याच जातीचा. नळावरचा डाग म्हणजे चुना आणि खालची फरशी म्हणजेही चुना. आता या दोघांपैकी घरधन्याने एकाला पैसे देऊन आणले आहे आणि दुसरा बिनपरवाना आत शिरला आहे, हा भेद ॲसिडाने ओळखावा कसा? त्याने समदृष्टीने दोघांनाही खाल्ले. दर्पणवत् घोटलेली फरशी ठिकठिकाणी पांढुरकी व खरखरीत झाली आणि मेहुणे शांतपणे म्हणाले, "एका परीने बरंच झालं. पाय घसरायची भीती नाही आता."

इतक्यात घरातला प्रतिपक्ष, म्हणजे कुटुंब, वास घालविण्याच्या सद्हेतूने हातात ब्लीचिंग पावडरचा डबा घेऊन निघाले होते. सुदैवाने मी निवृत्तीनंतर वाचनाचा नाद लावून घेतला आहे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की जो वायू निघतो तो क्लोरीन. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने तोच शत्रूवर सोडला होता. हे सर्व मी धावत धावत, डबा हिसकावून घेता घेता सांगितले. सांसारिक मतभेदांत आम्ही उभयतांनी आजवर पुष्कळ आयुधे वापरली आहेत. परंतु महायुद्धाच्या पायरीपर्यंत प्रकरण त्या दिवसापूर्वी कधी गेले नव्हते.

तेव्हा मी ठरविले की या प्रश्नाचे मूळ पाण्यात नसून प्रशासनात आहे, आणि एक फर्मान काढले. घरातील प्रत्येक सज्ञान व्यक्तीने आठवड्यातून आपल्या वारी न्हाणीघर घासावे. वारांचा तक्ता दाराला लावण्यात येत आहे. कसूर झाल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल. दिवाणखान्यात गाडगेबाबांची तसबीर आहे, सेवाग्राम येथून फार दूर नाही. ज्या महापुरुषाने हाती खराटा घेऊन आधी गाव झाडले आणि मग त्याच गावाला रात्री कीर्तन सांगितले, आणि ज्या दुसऱ्या महापुरुषाने 1936 पासून सेवाग्रामात राहून आश्रमातल्या मंडळींना संडास-सफाईची दीक्षा दिली, त्यांच्या भूमीत एक न्हाणीघर स्वच्छ राहू नये काय, असे एक लहानसे भाषणही मी केले. भाषणाला सर्वांनी माना डोलावल्या. गांधी-गाडगेबाबांच्या विचारांना आमच्या घरात कधीच विरोध झालेला नाही. विरोध होतो तो ब्रशाला.

तक्ता लागला आणि घरातल्या माणसांची जी कार्यबाहुल्ये आजवर सुप्त होती ती एकाएकी जागृत झाली. चिरंजीव बुटीबोरीच्या कारखान्यात. त्यांना नेमक्या त्यांच्या वारी पहिली पाळी येऊ लागली. सूनबाई वर्ध्याच्या शाळेत. त्यांच्या वारी शाळेची तपासणी. नातवाची परीक्षा तर त्या तक्त्याच्या तारखा पाहूनच कोणी ठरवीत असावे. मी स्वतः तक्ता तयार करणारा अधिकारी असल्यामुळे त्यात माझे नाव घालणे नियमबाह्य ठरले असते, हे मी समजावून सांगण्याचा प्रयत्न केला; तो कोणालाही पटला नाही आणि तेव्हापासून माझ्या वारी माझी कंबर धरू लागली.

आमच्या गावाची आख्यायिका अशी आहे की महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच. तेथे बकासुर होता आणि गाडाभर अन्न, दोन रेडे व ते घेऊन जाणारा एक माणूस, असा त्याचा खुराक घराघराने वार लावून पोहोचवावा लागे. पुढे भीम आला, त्याने गाडा स्वतःच फस्त केला व राक्षसाला मारले, ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. पण भीम येईपर्यंत त्या नगरीतले नागरिक आपापला वार चुकविण्यासाठी काय काय सबबी सांगत असतील, हे व्यासांनी विस्ताराने सांगितलेले नाही. ते मला आता आमच्या घरात प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. आणि याहून मौजेची गोष्ट ही की वार चुकविणारा प्रत्येकजण भीमाची वाट मात्र मनोभावे पाहत होता. कुटुंबाचा भीम म्हणजे दूरचित्रवाणीच्या जाहिरातीतली निळी बाटली, चिरंजीवांचा भीम ते हप्त्यावरचे यंत्र, मेहुण्यांचा भीम कॅनमध्ये, आणि माझा भीम म्हणजे माझे परिपत्रक. कोणीतरी यावे, एका दणक्यात हा राक्षस गारद करावा आणि आम्ही पुन्हा पूर्ववत आंघोळ करून, नळ गळता ठेवून, ओल्या भिंतीकडे पाठ फिरवून निघून जावे.

निराशेच्या भरात मी वाचनाचा आश्रय घेतला आणि तेथे मला दिलासाही मिळाला. जर्मनीत रोमन लोकांनी आयफेलच्या डोंगरातून कोलोन शहरापर्यंत दगडी पाट बांधून पाणी नेले होते. ते पाणीही आमच्यापैकीच, कठीण. पाटाच्या भिंतींवर चुन्याचा जाड थर साचला. रोमन गेले, पाट ओस पडला आणि पुढे मध्ययुगात तिथल्या लोकांनी तो थर कापून, घासून, संगमरवर म्हणून चर्चमधल्या खांबांना व वेदींना वापरला. म्हणजे ज्याला आमच्या घरी डाग म्हणतात त्याला धीर धरला तर स्थापत्य म्हणतात. हे मी जेवताना उत्साहाने सांगितले आणि सूचना केली की आपण आता काहीच करू नये. चार-पाचशे वर्षांत या न्हाणीघरातून एखाद्या देवळाचा सभामंडप निघेल. कुटुंबाने वाढता हात थांबवून विचारले, "आणि तवर आंघोळ कुठे करणार?" इतिहासाच्या अभ्यासकाला असे प्रश्न विचारू नयेत.

अखेर हा गुंता सोडविला तो हिंगणघाटहून आलेल्या आमच्या आत्याबाईंनी. ऐंशी ओलांडलेल्या या बाईंचा जन्म विहिरीच्या पाण्यावर आणि तांब्याच्या बंबावर गेला. बंब चिंचेने घासून लखलखीत ठेवणे ही त्यांची हयातभराची रसायनशाळा. त्यांनी वाण्याकडून लिंबूफूल आणविले, कोमट पाण्यात विरघळविले, माझ्या एका जुन्या बनियनच्या चिंध्या करून त्यात भिजविल्या आणि नळाला व टाइलींवरच्या जाड डागांना त्या चिंध्या गुंडाळून, चिकटवून ठेवल्या. शॉवरची थाळी काढून त्याच पाण्याच्या भांड्यात बुडविली. मी कान लावून ऐकले. चिंधीच्या कडेने बारीक बुडबुडे येत होते आणि चुना कोणाचेही पितळ उघडे न पाडता सुटत होता. फरशीकडे चिंधी जाऊ लागताच त्यांनी नातवाच्या हातावर चापट मारली. "दगडाले आंबट नाही लावत. त्याले साधा साबण अन् कुंचा." काही वेळाने जुन्या दातांच्या ब्रशाने हलके घासून, भरपूर पाणी ओतून सर्व धुतले तेव्हा टाइलींचा मूळ रंग दिसला आणि आमच्यापैकी काहींना तो आठवेना.

मी म्हटले, "आत्या, हे आता दर महिन्याला करायचं ना?"

त्यांनी माझ्याकडे, मी अव्वल कारकून कसा झालो असेन अशा नजरेने पाहिले. "बाबू, आंघोळ झाल्यावर आंग पुसतं न तू? मंग भितीले काऊन नाही पुसत?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. डाग पाणी पडल्याने पडत नाही. ते जागच्या जागी वाळू दिल्याने पडतो. थेंब पुसला की त्यातला चुना फडक्याबरोबर जातो, वाळू दिला की भिंतीवर राहतो. साऱ्या प्रकरणाचा निकाल या एका वाक्यात होता आणि त्याला ना ॲसिड लागत होते, ना यंत्र, ना मानक. दारामागे एक रबरी वायपर व एक जुन्या धोतराचे फडके टांगले गेले. वारांचा तक्ता रद्दबातल झाला. आंघोळ करील त्याने आपल्यापुरते पाणी ओढावे आणि नळ टिपावा, असे ठरले. पहिल्या दिवशी माझ्यामागून आत गेलेल्या कुटुंबाने दारातूनच विचारले, "कोण गेलं होतं आत?" आदेश काढणाऱ्याने तो स्वतः पाळण्याची वहिवाट आमच्या खात्यात नव्हती, असे मी नम्रपणे निवेदन केले. फडके माझ्या अंगावर आले.

तेव्हापासून पुसणे चालू आहे, पण मनुष्यस्वभावही चालू आहे. चिरंजीव वायपर ओढतात, पण नळ टिपणे हे आपल्या कार्यकक्षेबाहेर समजतात. नातू नळ टिपतो, मात्र त्यानंतर पुन्हा सोडतो. आणि प्रत्येकाची अशी ठाम समजूत आहे की आपण एकटेच पुसतो व बाकीचे वाळू देतात. मेहुण्यांनी दर्यापुराहून कळविले आहे की हा उपाय त्यांनाच प्रथम सुचला होता. अधूनमधून नळाच्या कडेला पांढरी रेघ उमटते, लिंबूफुलाची चिंधी बांधली की उतरते. फरशी जशी झाली तशी राहिली आहे.

वाचकांना माझी विनंती एवढीच. आपल्या बोअरचे पाणी आमच्यासारखे असेल तर थेंब वाळण्यापूर्वी पुसा. वाळला असेल तर टाइलींना आणि नळाला लिंबूफूल लावा. कोटा, कडप्पा व संगमरवर यांपासून आंबट पदार्थ दूर ठेवा. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर यांची गाठ कोणत्याही परिस्थितीत घालू नका. घरात वारांचे तक्ते लावण्याच्या भरीस पडू नका. ज्याची आंघोळ त्याचे पुसणे, हा कायदा पुरेसा आहे. त्याची अंमलबजावणी घरात जो सर्वांत मोठ्याने स्वच्छतेवर बोलतो त्याच्यापासून सुरू करावी.